मधुमेह असलेल्या बायका आणि स्वतःची काळजी: दवाखान्याच्या बाकावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावी मधुमेह समुपदेशक म्हणून काम करते. डॉक्टरांच्या खोलीत बाई चार-पाच मिनिटं असते, बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ अर्धा-अर्धा तास बसते. खालचे प्रश्न त्या बाकावरचे आहेत आणि जमेल तितके बायकांच्याच शब्दांत ठेवले आहेत. गोळी किंवा इन्सुलिन कमी-जास्त करायचं असेल तर ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा. बाकी सगळं मोकळेपणानं बोलू.

"ही स्वतःकडे लक्षच देत नाही" असं घरचे म्हणतात. चूक माझीच आहे का?

बहुतेक वेळा नाही.

पन्नाशीच्या एक ताई आल्या होत्या. उपाशीपोटीची साखर २४८. त्यांच्या कागदावर आधी कुणीतरी लिहून ठेवलं होतं, "औषधं नियमित घेत नाही." मी म्हटलं, गोळ्या दाखवा बरं. त्यांनी कापडी पिशवीतून स्टीलची छोटी डबी काढली. जेवणानंतरच्या मोठ्या पांढऱ्या गोळ्या बरोबर संपत आल्या होत्या. सकाळची लहान गोळी मात्र पानभर तशीच. का नाही घेत, असं विचारल्यावर त्यांनी उत्तर न देता मनगट पुढं केलं. तिथं भाजल्याचा डाग होता. "ही घेतली की अकराच्या सुमाराला हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो. त्या दिवशी घेरी आली नि हात तव्यावर पडला."

ती ग्लिमेपिराइडची गोळी होती, साखर खाली आणणारी. डॉक्टरांनी "नाश्त्याआधी घ्या" असं सांगितलं होतं. पण त्यांचा नाश्ता म्हणजे सहाला घेतलेला कोरा चहा. मग धारा, पाणी, पोरांचे डबे, मालकांची न्याहारी, सासऱ्यांचं पथ्याचं. पोटात पहिला घास दुपारी दीडला. गोळीनं तिचं काम केलं, पण पोटात अन्नच नव्हतं. म्हणजे या बाईनं गोळी टाळली ती निष्काळजीपणानं टाळली नव्हती. तिला जे कळलं त्याप्रमाणं तिनं स्वतःला वाचवलं होतं. ते कुणी विचारलंच नव्हतं.

पुढं डॉक्टरांनी गोळी बदलली आणि सुनेनं ठरवलं, पहिली भाकरी गाईची, दुसरी आत्याबाईंची, नऊच्या आत. एवढ्यानं तीन महिन्यांत आकडे बरेच सुधारले.

म्हणून माझं ठाम मत आहे. बाईची काळजी तिच्या इच्छेवर अवलंबून असतेच, पण घरात कोण आधी जेवतं, पैसे कुणाच्या हातात असतात, दवाखान्यात जायला कुणाची परवानगी आणि सोबत लागते, यावर त्याहून जास्त अवलंबून असते. रागावून यातलं काहीच बदलत नाही.

स्वतःची काळजी म्हणजे नेमकं काय काय करायचं?

खाणं सांभाळणं, हालचाल ठेवणं, औषध वेळेवर घेणं, साखर मोजणं, डोळे-पाय-मूत्रपिंड-हृदय जपणं, अचानक साखर घसरली किंवा चढली तर काय करायचं हे माहीत असणं आणि मन सांभाळणं. यातल्या पहिल्या तिन्हींवर सगळे बोलतात. शेवटच्यावर कुणी बोलत नाही, म्हणून त्याला पुढं वेगळी जागा दिली आहे.

आजार तर बाईला नि पुरुषाला सारखाच. मग बायकांचं वेगळं काय?

आजार तोच, पण शरीर वेगळं आणि दिवसही वेगळा.

शरीराचं आधी सांगते. जगभरातल्या ६४ अभ्यासांमधल्या साडेआठ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१४ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मधुमेहामुळं हृदयविकाराचा धोका जितका वाढतो, तो पुरुषांपेक्षा बायकांत सुमारे ४४ टक्क्यांनी जास्त वाढतो. एरवी पाळी असेपर्यंत बाईच्या हृदयाला जे संरक्षण मिळतं, ते मधुमेह बरंचसं काढून घेतो. त्यात बायकांचा हार्ट अटॅक नेहमी छातीत कळ येऊनच येतो असं नाही. धाप लागते, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं, विलक्षण थकवा येतो. घरात त्याला "पित्त झालं असेल" म्हणतात आणि बाई ते अंगावर काढते. मधुमेह असलेल्या बाईला असं अचानक झालं तर लिंबूपाणी देत बसू नका, थेट ईसीजी काढायला न्या.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात काहींची साखर वाढते. पाळी जाण्याच्या वयात ती वरखाली होते. या वयात एकदम गरम होऊन घाम फुटतो आणि साखर घसरल्यावरही घामच फुटतो, त्यामुळं बायका गोंधळतात. अशा वेळी बोट टोचून बघणं हाच उपाय. साखर ७० च्या खाली असेल तर ती घसरलेली आहे. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, मग थोडं खा. मीटर हाताशी नसेल तर आधी साखर घ्या, शंका नंतर. पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशामुळं साखर रक्तात उशिरा पोचते.

लघवीचा संसर्ग आणि लघवीच्या जागेची खाज हेही जास्त. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यामुळं काहींना खाज, पांढरं जाणं सुरू होतं. बायका लाजेनं सांगत नाहीत, गोळी गुपचूप बंद करतात. सांगा. त्यावर साधा इलाज आहे.

आपल्या देशात हा आजार किती पसरला आहे तेही सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि गोव्यात हे प्रमाण सगळ्या राज्यांत जास्त, २६.४ टक्के. म्हणजे आपल्या ओळखीतल्या कुठल्याही हळदीकुंकवात दोन-चार बायका निघणारच.

घरात सहा माणसं. माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक कसा करू?

करू नका. वेगळा स्वयंपाक चार दिवस टिकतो. पाचव्या दिवशी बाई स्वतःचं पातेलं चढवायचं सोडून देते आणि उरलेलं खाते.

जे घरात शिजतं तेच खा, ताटातलं प्रमाण बदला. अर्धं ताट भाजी, कोशिंबीर, पालेभाजी. पाव ताट डाळ, उसळ, पिठलं, अंडं किंवा मासा. उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात. आपली गोची अशी की आपलं ताट नेमकं उलटं असतं: भाताचा ढीग, त्यावर पातळ वरण आणि चवीपुरती भाजी. त्यातून भाजी आधी पुरुषांना, मग पोरांना, शेवटी बाईच्या वाट्याला रस्सा आणि कढईच्या कडेचं. ज्वारीची भाकरी चांगलीच आहे, पण तीन भाकरी मिरचीच्या ठेच्याशी खाल्ल्या तर साखर वाढणारच. भाकरीला दोष देऊ नका, सोबत काय नव्हतं ते बघा.

शिळं संपवणं हा बायकांच्या मधुमेहातला मोठा भाग आहे असं मी अनुभवानं सांगते. रात्री उरलेला भात सकाळी फोडणी देऊन कोण खातं? पोरानं अर्धा टाकलेला शिरा कोण संपवतं? अन्न टाकू नये हा संस्कार मलाही आहे. म्हणून मी बायकांना सांगते, मापात रांधा. आठवडाभर रोज रात्री काय उरलं ते कॅलेंडरवर लिहा. आठवड्यानं तुम्हालाच कळेल की तांदूळ एक वाटी जास्त पडतो आहे.

आणि वेळ. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं ही रीत मोडणं अवघड आहे, मला माहीत आहे. निदान सगळ्यांबरोबर बसा. वाढायचं तर भांडी मधे ठेवा, ज्याचं त्यानं घ्यावं. दोन दिवस घर कुरकुरेल.

उपवास सोडायचे का? हरतालिका तर निर्जळी असते.

हा प्रश्न दरवर्षी श्रावणाच्या तोंडावर येतो, आणि "सोडून द्या" एवढंच उत्तर देणाऱ्यांना बायका पुढच्या वर्षी विचारतच नाहीत. विचारलं नाही तरी उपवास होतोच, फक्त चोरून होतो, आणि ते जास्त धोक्याचं.

म्हणून मी आधी विचारते, कोणते उपवास तुमच्या मनाला खरंच लागून आहेत? बहुतेक बायका एक-दोनच सांगतात. बाकीचे सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी सवयीनं चाललेल्या असतात. तेवढे सोडले तरी महिन्यातले पाच-सहा दिवस सुटतात.

जे करायचे ते ठरवून करा. आठवडाभर आधी डॉक्टरांना सांगा, त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती गाळायची, इन्सुलिन किती. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या मापानं घेऊन उपाशी राहिलात तर साखर घसरते. वर सांगितलेल्या लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या घेऊन निर्जळी केलीत तर शरीर कोरडं पडतं आणि रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, तेव्हा अशांनी निर्जळी करूच नये. गरोदर असाल, टाइप वन (शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही असा मधुमेह) असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, हल्लीच साखर घसरून घेरी आली असेल तरीही नाही. पाणी पिऊन केलेली हरतालिका देवीला चालत नाही असं मला वाटत नाही.

फराळाचं म्हणाल तर साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट, पोटात गेलं की त्याची साखरच होते. दोन वाट्या खिचडी, वर बटाट्याची भाजी, रताळ्याचे गोड काप असा उपवास केला तर रोजच्या जेवणापेक्षा साखर जास्त वाढते. भगरीचा भात एक छोटी वाटी, त्याबरोबर शेंगदाण्याची आमटी, दही घातलेली काकडीची कोशिंबीर आणि ताक, असं ठेवा. राजगिऱ्याची भाकरी चांगली, लाडू नको. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर उपवास तिथंच सोडायचा, हे सकाळीच घरात एकाला सांगून ठेवा. रमजानचे रोजे धरणाऱ्या बहिणींनाही हेच लागू आहे, फक्त औषधांची फेरमांडणी महिनाभर आधी करून घ्यावी.

दिवसभर घरकामात मोडून निघते. वर आणखी चालायला कशाला जाऊ?

दमणं आणि व्यायाम होणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. उभं राहून पोळ्या लाटताना पाय दुखतात, पण हृदयाचा ठोका फार वाढत नाही. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं हे माप आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर त्या जेवणाची साखर कमी चढते, हे अनेक बायकांनी मीटरवर स्वतः बघितलं आहे.

शेतावर खुरपायला, लावणीला जाणाऱ्या बाईला मी हे सांगत नाही. तिचं भरपूर होतं. तिला विश्रांतीची आणि खाऊन कामाला जाण्याची गरज जास्त असते.

बाकीच्यांची खरी अडचण वेगळीच. पहाटे रस्त्यावर दिवे नाहीत, कुत्री आहेत, साडीवर बूट घातले की लोक हसतात, "हिला आता फिरायला सुचतंय" असं जाऊबाई म्हणतात. एकटीनं हे जमत नाही, चौघींनी जमतं. आमच्याकडं एका बचत गटानं मिटिंग बसून न करता शाळेच्या मैदानावर चालत करायची असं ठरवलं. हिशेबाची वही एकीच्या हातात, बाकीच्या बाजूनं. त्यांना कुणी हसलं नाही.

साखर नॉर्मल आली. आता गोळी बंद करू?

नाही. गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आली. कमी करायची असेल तर डॉक्टर तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, बघून करतील. बहुतेकांचं लक्ष्य ७ च्या खाली असतं, वय आणि इतर आजारांप्रमाणं ते बदलतं.

इन्सुलिन लावलं म्हणजे शेवट जवळ आला का?

ही भीती इतकी खोल आहे की बायका दोन-दोन वर्षं टाळतात आणि तेवढ्यात डोळ्यांचं, मूत्रपिंडाचं नुकसान होतं. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोत एका १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी टाइप वनची मुलं काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत जायची. ते जगवणारं औषध आहे. बरीच वर्षं मधुमेह असला की शरीराचं स्वतःचं इन्सुलिन कमी पडतं, ते बाहेरून द्यायचं एवढाच त्याचा अर्थ.

दोन गोष्टी मात्र नीट बघा. आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन ४० च्या आणि १०० च्या शक्तीचं मिळतं. ४० ला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला नारिंगी. अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट चुकते. मेडिकलवाल्यानं दिलं म्हणून घेऊ नका, बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवा. वाचता येत नसेल तर नातवाला बसवा.

दुसरं, साठवण. न उघडलेलं फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून दूर. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. फ्रिज नसेल, वीज जात असेल तर मातीच्या मोठ्या कुंडीत ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात डबीत घातलेली बाटली, वर ओलं फडकं. कुंडी सावलीत ठेवा, वाळू सुकू देऊ नका. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही ही सोय चांगली उपयोगी पडते.

बाहेर गेलं की लघवीला जायला जागा नसते, म्हणून मी पाणीच पीत नाही. चालेल का?

हा प्रश्न मला कुठल्याही पुस्तकात नीट सापडला नाही, आणि बाकावर तो रोज येतो. साखर वाढली की लघवी वाढते. एसटी स्टँडवरचं स्वच्छतागृह बंद किंवा जाववत नाही असं. बाजारात सोय नाही. शेतात आडोसा नाही. मग बाई सकाळपासून पाणी पीत नाही आणि बाहेर जायच्या दिवशी गोळीही घेत नाही. लघवी तुंबवून संसर्ग, संसर्गानं साखर आणखी वर.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं हाल तर विचारू नका. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड भागातून त्या निघतात, पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी, धरतात; एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. इतके महिने दवाखाना बदलतो, कागद गावी राहतात. त्यांना मी निघण्याआधी पूर्ण मुदतीच्या गोळ्या घ्यायला, कागदांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला आणि फडाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव मुकादमाकडून आधीच विचारून घ्यायला सांगते.

पाणी तोडू नका. मुंबईत बायकांनी २०११ पासून "राइट टू पी" म्हणून सार्वजनिक मुताऱ्यांसाठी चळवळ चालवली. मला वाटतं तो मधुमेहाच्या इलाजाचाच भाग आहे. ग्रामसभेत हा विषय मांडायला आशाताईंना सोबत घ्या.

मुलीला लहानपणापासून टाइप वन आहे. लग्न ठरवताना सांगावं का?

सांगावं. मला ठाऊक आहे की सांगितल्यावर स्थळं मागं फिरतात, आणि त्या आईचा चेहरा मी अनेकदा बघितला आहे. पण लपवलं तर मुलगी सासरी बाथरूममध्ये लपून इंजेक्शन घेते, पहिल्या पाहुणचारात गोडाला नाही म्हणू शकत नाही, साखर मोजायचं सोडते. टाइप वनमध्ये इन्सुलिन बंद पडलं तर काही दिवसांतच जिवावर बेततं. तिला शिकू द्या, कमावू द्या, तिचं औषध तिच्या पैशानं घेता आलं पाहिजे. साखर सांभाळलेली असेल तर संसार होतो, मूलही होतं. दिवस राहण्याआधी एचबीएवनसी ६.५ च्या खाली आणलेली बरी, म्हणून त्याची तयारी डॉक्टरांशी बोलून आधीपासून करा.

गरोदरपणी शुगर होती, बाळंतपणानंतर गेली. विषय संपला ना?

संपला नाही. अशा बायकांना पुढं मधुमेह होण्याची शक्यता बरीच जास्त असते. बाळ सहा आठवड्यांचं झालं की ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायची आणि मग दरवर्षी. पण सव्वा महिना झाल्यावर सगळे बाळाला डोस द्यायला नेतात, आईची तपासणी कुणाच्या लक्षात राहत नाही. मी एक युक्ती सांगते: बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर आईच्या साखरेची तारीखही पेन्सिलनं लिहून ठेवा. अंगावर पाजणं आईलाही फायद्याचं आहे.

पुढच्या खेपेला दिवस राहिले की पहिल्याच भेटीत आणि मग २४ ते २८ आठवड्यांत तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात, दोन तासांनी रक्त बघतात. १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही.

"आमच्यात सगळ्या बारीक आहेत, आम्हाला कशाला होईल" असंही ऐकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळं बघितली. आपली बाळं वजनाला कमी भरतात, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त असते, असं त्यांना दिसलं. वरून बारीक, आतून चरबी. म्हणून पोटाचा घेर बघा, नुसता काटा नको.

पायांचं एवढं काय असतं?

साखरेनं नसा बधिर होतात आणि जखम कळत नाही. एक आजी जोडवी काढतच नव्हत्या, सवाष्णीचं लेणं म्हणून. पाय थोडे सुजले होते. मी गुडघ्यावर बसून बघितलं तर चांदीची कडी बोटाच्या मांसात रुतली होती, खाली ओलसर पांढरं झालेलं. त्यांना काहीच दुखत नव्हतं. सोनारानं कडी कापून काढली, जखम भरायला सहा आठवडे लागले. आता त्यांनी उघडी, सैल जोडवी घातली आहेत. रोज रात्री अंथरुणावर बसल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा, दिसत नसेल तर आरसा खाली धरा. घरातही मऊ चप्पल घाला, फक्त देवघरापाशी काढा. चिखलात लावणीला जाताना बूट मिळाले तर उत्तमच. भेगांना खोबरेल चालेल, पण बेचक्यांत नको. कुरूप ब्लेडनं कापू नका.

काहीच करावंसं वाटत नाही. औषध समोर असतं तरी हात जात नाही.

हे आळसाचं लक्षण नाही. मधुमेह असलेल्यांत उदासी जास्त आढळते, बायकांत आणखी जास्त. रोज मोजा, रोज टोचा, रोज बोलणी खा, याचाही एक शीण येतो. दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, रडू येतं असं चाललं असेल तर डॉक्टरांना साखरेइतकंच हेही सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आजच फोन करा आणि घरातल्या एकाला जवळ बसवा.

पैशाचं काय? स्वतःवर खर्च करायला जीव होत नाही.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची साखर आणि रक्तदाब उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत बघतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. २०२२ च्या नवरात्रात "माता सुरक्षित तर घर सुरक्षित" मोहिमेत १८ वर्षांवरच्या लाखो बायकांची तपासणी झाली, त्यात कित्येकींना आपली साखर पहिल्यांदाच कळली. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी जनऔषधी दुकानात फार स्वस्त मिळते. मीटरच्या पट्ट्या महाग पडतात हे खरं, पण गोळ्यांवर असाल तर रोज टोचायची गरज नसते. आठवड्यातून दोनदा, वेगवेगळ्या वेळी, पुरतं. मीटर शक्यतो प्रत्येकीचं वेगळं असावं; तीन घरांत मिळून एक वापरलंच तर दर वेळी निर्जंतुक करून पुसा, सुई आणि टोचायचं पेन मात्र प्रत्येकीचं वेगळंच.

कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, मेथ्या?

खायला हरकत नाही, गोळी सोडून नको. "मुळापासून बरा करतो" म्हणणाऱ्याची पुडी घेऊ नका.

नवऱ्यानं आणि मुलांनी काय करायचं?

वाढून घ्या. आपली ताटं उचला. सकाळचं दूध, पाणी, डबा यातलं एक काम कायमचं स्वतःकडं घ्या, म्हणजे तिची वीस मिनिटं सुटतील. तिच्यासमोर श्रीखंड खात "तुला चालत नाही ना" असं म्हणू नका. तिच्या तपासणीच्या दिवशी सुट्टी टाका आणि आत तिलाच बोलू द्या. तिला विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं शेजारी बसलेल्या नवऱ्यानं देणं हे मी रोज बघते. साखर घसरल्यावर काय करायचं ते घरात शाळकरी पोरालाही माहीत हवं. शुद्ध हरपली तर तोंडात काही ओतायचं नाही, १०८ ला फोन.

पुढच्या वेळी दवाखान्यात येताना काय आणू?

सगळी पाकिटं, संपलेलीसुद्धा. मीटर असेल तर मीटर. कालच्या दिवसात कितीला काय खाल्लं ते कागदावर, चहासकट. वर्ष झालं असेल तर डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिनं आणि पाय तपासायची आठवण डॉक्टरांना तुम्हीच करा. रोजच्या वापरातली चप्पल घालून या, चांगली घरी ठेवू नका. मला तिचा तळ बघायचा असतो, कुठं झिजला आहे ते. आणि निघताना खाऊन निघा. आमच्या बाकावर उपाशी बसून राहिलेली बाई दिसली की मी आधी तिला बिस्किटं देते, मग बोलते.